विद्या आणि ऋण

ऋण काढून सण साजरा करू नये, ही शिकवण आपल्या घरांतून मुलांस लहानपणीच मिळते. परंतु विद्यार्जन हा सण मानावयाचा की संसारातील आवश्यक खर्च, याचा निर्णय त्या म्हणीने केलेला नाही. दरवर्षी बारावीचे निकाल लागून प्रवेशाच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या, म्हणजे पुण्यातील कित्येक मध्यम स्थितीच्या कुटुंबांपुढे हा प्रश्न येऊन उभा राहतो. मुलाने किंवा मुलीने दोन-तीन वर्षे एकाच महाविद्यालयाचे नाव मनाशी धरून अभ्यास केलेला असतो. तेथे प्रवेशही मिळालेला असतो. आणि शुल्काचा आकडा पाहून घरातील वडील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. बँक कर्ज देण्यास तयार असते. ते घ्यावे की न घ्यावे?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे प्रचलित आहेत. विद्येसाठी काढलेले कर्ज हे कर्जच नव्हे, ते भांडवल होय, असे एक पक्ष म्हणतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे दुसरा पक्ष सांगतो. पहिल्या पक्षास हप्ते भरणाऱ्या माणसाचा विसर पडतो. आणि काहींच्या वाट्याचे अंथरूण मुळात दुसऱ्यांनीच ओढून घेतलेले असते, हे दुसऱ्या पक्षाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा दोन्ही उत्तरे क्षणभर बाजूस ठेवून, विद्येसाठी मनुष्य जे ऋण करतो त्याचे स्वरूप काय, याचाच विचार प्रथम केला पाहिजे.

विद्या आणि ऋण यांची सांगड आपल्या परंपरेस नवी नाही. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, व त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते, अशी जुनी समजूत आहे. तीप्रमाणे शिकणे हा ऋणमुक्त होण्याचा मार्ग होता. आज ते ऋणको होण्याचे कारण झाले आहे. आमच्या पुणे शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणी माधुकरी मागून दिवस काढी. तेही एक ऋणच होते. मात्र त्याचा कागद झालेला नव्हता व फेडीची मुदतही ठरलेली नव्हती. या पद्धतीचे अवास्तव गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. परक्या घरच्या पाटावर रोज खाली मान घालून जेवण्यात मानहानी होती. आणि ज्या जातींस त्या घरांचा उंबरठाच बंद होता, त्यांच्या मुलांच्या वाट्यास एकही वार येत नव्हता. तरी त्या ऋणाचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. ते फेडावयाचे कसे, हे ऋणकोच्या सद्‌सद्विवेकावर सोपविलेले असे.

गोपाळ कृष्ण गोखले यांचेच उदाहरण घ्या. वडिलांच्या मृत्यूनंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली व त्यांतून ८ रुपये ते धाकट्या भावास शिकण्यासाठी पाठवीत. १८८४ मध्ये गोखले पदवीधर झाले. ज्या घराने पोटास चिमटा घेऊन शिकविले, त्या घरास आता चार दिवस सुखाचे येतील अशी आशा वाटली असल्यास नवल नाही. असे असूनही गोखल्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करून महिना ७५ रुपयांच्या वेतनावर पुढील आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयास दिली. त्यांच्याआधी गोपाळ गणेश आगरकर यांनीही, मोठी पदवी मिळाल्यावर मुलगा मोठ्या पगारावर जाईल या आशेत असलेल्या आपल्या आईस, पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून आपण लोकहिताचे काम करणार, असे कळविले होते. ही दोन्ही माणसे घोर दारिद्र्यातून शिकली. दोघांच्याही डोक्यावर आप्तांचे अपार ऋण होते. परंतु त्या ऋणाने त्यांचा हात धरून ठेवला नाही. आज त्यांच्या जागी बँकेचा हप्ता असता, तर फर्ग्युसनला हे दोन अध्यापक मिळाले असते काय, याची आम्हांस शंका वाटते.

हप्ता म्हणजे काय, हे एकदा आकड्यांनीच पाहिलेले बरे. समजा, एका विद्यार्थ्याने चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरसाल अडीच लाख याप्रमाणे १० लाख रुपये, शेकडा १० दराने उचलले. अभ्यासक्रम चालू असता व त्यानंतर एक वर्ष बँका सामान्यतः हप्ता मागत नाहीत. व्याज मात्र चढत असते. सरळव्याजाने ते पाच वर्षांत साडेतीन लाख होते. ही साडेतेरा लाखांची रक्कम पुढे दहा वर्षांत फेडावयाची म्हटली, तर महिना सुमारे १७,८०० रुपये पडतात, आणि एकंदर फेड २१ लाखांच्या वर जाते. अठराव्या वर्षी केलेली सही बत्तिसाव्या-तेहतिसाव्या वर्षापर्यंत पुरते. घर बसविण्याची, एखादे काम धरून पाहण्याची व न जमल्यास सोडण्याची, चुकण्याची आणि सावरण्याची जी वर्षे, तीच नेमकी यात जातात.

ही स्थिती एकाएकी आलेली नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांस वाट मोकळी करून दिली. तोवर आपल्या मुलांस अभियंता होण्यासाठी परप्रांतांत देणग्या देऊन पाठविणाऱ्या पालकांची त्याने सोय झाली, हे नाकारता येत नाही. पण त्याबरोबरच शिक्षणाचा भार सरकारच्या तिजोरीतून उचलून घरच्या तिजोरीत टाकण्यास प्रारंभ झाला. २००२ आणि २००५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी खासगी संस्थांस स्वतःचे शुल्क ठरविण्याची मुभा दिली व नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांस मनाई केली. राज्यात शुल्क नियामक प्राधिकरणही आहे. मात्र वाजवी ठरलेले शुल्क सर्वांस झेपणारे असतेच असे नाही. ती तूट कर्ज भरून काढते.

मग आमचे म्हणणे काय? शिक्षणापासून मनुष्यास जे जे मिळते, त्यांत स्वातंत्र्य आम्ही सर्वांत श्रेष्ठ समजतो. काय करावे, कोणाची चाकरी करावी, कोणास नकार द्यावा, हे स्वतः ठरविण्याचे बळ यावे यासाठीच पूर्वीच्या माणसांनी उपास काढून मुले शिकविली. ज्या कर्जामुळे पदवीनंतरची दहा वर्षे मिळेल ती व अधिकात अधिक पगाराची नोकरीच धरावी लागते, ते कर्ज विद्येचे फळ अगोदरच विकून विद्येचे बी विकत घेते. हा व्यवहार काही प्रसंगी करावा लागतो; पण आपण तो करीत आहो याची जाणीव असली पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांनी गरिबाच्या मुलास संतोषाचा उपदेश करणे हा या देशातील जुना अन्याय आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आमच्या डोळ्यांपुढे आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावे लागले. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांस राहण्यास जागा मिळेना. ऋणको फेड करण्यास दारी उभा होता, आणि अस्पृश्यता मानणाऱ्या समाजाने त्यास ती करू दिली नाही! पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. त्यांस कोणी अंथरूण पाहण्याचा सल्ला दिला असता, तर त्याची गणना मूर्खांत नव्हे, अपराध्यांत करावी लागली असती.

परंतु या उदाहरणातून घ्यावयाचा बोध पुरा घेतला पाहिजे. आंबेडकरांना जी विद्या हवी होती, ती त्या काळी त्यांस दुसऱ्या कोणत्याही दाराने मिळण्यासारखी नव्हती. त्यांनी हेतू सोडला नाही, पण तीन वर्षे थांबले. आधी मिळविले, मग उसने घेतले. आणि उसने घेतले ते अशा माणसाकडून, की जो त्यांच्या पुढील आयुष्यावर हक्क सांगणार नव्हता. आज ज्याला ‘स्वप्नातील महाविद्यालय’ म्हणतात, ते दर वेळी असे एकमेव दार असते काय? महाविद्यालयापाशी मागावयाच्या वस्तू दोन असतात, विद्या आणि नाव. विद्या पुष्कळदा जवळच्या सरकारी वा अनुदानित संस्थेतही मिळते, व तेथील शुल्क पुष्कळ कमी असते. नावास बाजारात किंमत आहे हे आम्ही जाणतो. पण केवळ नावासाठी पंधरा वर्षे गहाण टाकणे योग्य नव्हे. पैशाच्या अभावी सॅम्युअल जॉन्सन यांस १७२९ मध्ये ऑक्सफर्ड पदवीवाचून सोडावे लागले. १७५५ मध्ये त्यांचा शब्दकोश बाहेर पडण्याच्या सुमारास त्याच विद्यापीठाने त्यांस सन्मानाने पदवी दिली. सर्वच जॉन्सन नसतात, हे खरे. तरी दार बंद झाले म्हणजे विद्या संपली, असे मानण्याचे कारण नाही.

म्हणून सहीपूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन गोष्टी स्वतःस विचाराव्यात. हीच विद्या कमी खर्चात दुसरीकडे मिळते काय? त्या व्यवसायातील साधारण विद्यार्थ्याच्या मिळकतीतून हप्ता निघेल काय? येथे माहितीपत्रकात छापलेल्या गुणवंताचा पगार धरू नये. वर्गातील मधल्या बाकावरच्या मुलाचा धरावा. आणि तिसरी गोष्ट, जी बहुधा विचारली जात नाही: गहाण कोणाचे पडत आहे? मोठ्या रकमेस बहुधा तारण लागते, आणि मध्यम कुटुंबापाशी तारण ठेवण्याजोगे राहते घरच असते. आईबाप सहकर्जदार होतात. त्यांचे म्हातारपण त्या कागदात येते. कित्येकदा धाकट्या बहिणीचे शिक्षणही, तिला न विचारता, त्यातच येते. स्वतःचे भविष्य पणास लावण्याचा तरुणास हक्क आहे. दुसऱ्याचे लावावयाचे तर त्याची डोळस संमती हवी. ‘आमचे काय, तुझे भले होवो,’ असे आई म्हणते, ती संमती नसते. ती माया असते, आणि मायेचा फायदा घेणे सुपुत्रास शोभत नाही. आईबापांनीही घरची खरी स्थिती मुलापासून झाकून ठेवू नये. प्रवेश मिळाल्यावर आकडा सांगण्यापेक्षा अर्ज भरण्यापूर्वी सांगणे अधिक दयेचे असते.

तथापि सारा विवेक एकट्या कुटुंबाच्या गळ्यात बांधून समाजास मोकळे होता येणार नाही. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ केले, हे योग्य दिशेचे पाऊल होय. २०२४ मध्येच केंद्र सरकारने मंजूर केलेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक संस्थांसाठी तारणावाचून कर्ज मिळण्याची सोय आहे. त्याने दार उघडते. पण कर्ज सुलभ होणे आणि शिक्षण स्वस्त होणे या भिन्न गोष्टी आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही योजना, १९०९ चे अनाथ विद्यार्थी गृह, १९५५ मध्ये पुण्यात निघालेली विद्यार्थी साहाय्यक समिती, यांनी आपल्यापुढे दुसरा एक मार्ग ठेवलेला आहे. त्यात विद्यार्थी श्रम करतो, समाज उरलेला भार उचलतो, आणि कोणाचे घर गहाण पडत नाही.

आमच्या वयाच्या पुष्कळांचे शिक्षण अनुदानित महाविद्यालयांतून, नाममात्र शुल्कात झाले. तेव्हा आमचा खर्च कोणी तरी भरीत होते; कर देणारा शेतकरी आणि मजूर त्यांत होते, व त्यांपैकी अनेकांची मुले महाविद्यालयाच्या पायरीपर्यंतही पोहोचली नाहीत. ते ऋण आम्हांकडून कोणी मागितलेले नाही. शिकू इच्छिणाऱ्या एखाद्या परक्या मुलाच्या शुल्काचा एक वाटा ज्यास उचलता येईल त्याने उचलावा. ज्यास तेही शक्य नसेल त्याने आठवड्याचा एक वार तरी द्यावा. या वेळी मात्र पंगतीस कोणास बसवावयाचे, हे जात पाहून ठरवू नये.