पाहुणी नव्हे, आई

पवित्र कुटुंबाचा सण
वाचने : बेनसिरा ३:२-६, १२-१४, कलस्सै ३:१२-२१, मत्तय २:१३-१५, १९-२३



नाताळचा गोठा अजून आपल्या मंदिरात मांडलेला आहे आणि आजचे शुभवर्तमान मात्र आपल्याला रात्रीच्या अंधारात घर सोडून निघालेले कुटुंब दाखवते. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला आहे. देवदूत योसेफला मिसर देशात जायला सांगतो आणि पुढचा निरोप मिळेपर्यंत तेथेच राहायला सांगतो. परतीची तारीख तो देत नाही. पोप बारावे पायस ह्यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात ह्याच कुटुंबाला सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे.

आपल्या धर्मग्रामातही मुलगा कॅनडात, मुलगी अमेरिकेत अशी घरे आहेत. नातवंड झाले की आई-बाबा सहा महिन्यांसाठी जातात आणि परत येतात. पण मधल्या काळात घरी परतण्यासारखी परिस्थितीच राहिली नाही तर?

युक्रेनमधील अनेक कुटुंबांवर हीच वेळ आली. कॅनडात युक्रेनियन वंशाचे १२ लाखांहून अधिक लोक राहतात. त्यामुळे लेकीकडे आलेली म्हातारी आई हे तेथील नेहमीचे दृश्य. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने हल्ला केला आणि त्याच दिवशी युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. परतीचे तिकीट पर्समध्ये, पण विमान उतरणार कोठे? १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडण्यास मनाई झाली. म्हणजे लेकीच्या घरी सुरक्षित बसलेल्या आईचा मुलगा मात्र तिकडे अडकलेला. आणि इकडे तिच्या मुक्कामाची मुदत रोज एका दिवसाने कमी होत होती.

कायद्याने काही दारे उघडली, ह्याबद्दल आपण देवाचे आभार मानले पाहिजेत. कॅनडाने तेथे असलेल्या युक्रेनियन पाहुण्यांना ३ वर्षांपर्यंत मुक्काम वाढवून मागण्याची सोय केली. अमेरिकेनेही ११ एप्रिल २०२२ पासून तेथे राहत असलेल्यांना तात्पुरते संरक्षण देऊ केले. परंतु प्रत्येक देशातील संकटग्रस्तांसाठी अशी खास योजना निघतेच असे नाही. तेव्हा नेहमीचाच अर्ज करावा लागतो आणि तो मुदत संपण्यापूर्वी करावा लागतो. मुदतीत केलेल्या अर्जाचा निर्णय येईपर्यंत कॅनडात थांबता येते. तेथील कार्यालय निदान ३० दिवस, तर अमेरिकेतील कार्यालय ४५ दिवस आधी अर्ज करण्यास सांगते. अमेरिकेचा व्हिसा १० वर्षांचा असला तरी एका खेपेला किती दिवस राहायचे ते प्रवेशाच्या वेळी मिळालेली तारीख ठरवते. आपल्याकडील पुष्कळजण येथेच फसतात.

अर्जात कारण खरे लिहावे. घरी युद्ध आहे, आई थकली आहे, आम्हांला भीती वाटते, हे सांगण्यात कमीपणा नाही. मुदत उलटू देऊन आईला घरात लपवून ठेवणे हे प्रेम वाटले तरी त्यामुळे तिचे उरलेले दिवस दारावरच्या प्रत्येक टकटकीला दचकण्यात जातात.

पण कागद झाला म्हणजे चौथी आज्ञा पाळली असे होत नाही. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की देवाच्या खालोखाल आपण आपल्या आईवडिलांचे आणि आपल्या मायभूमीचे ऋणी आहोत, आणि ही दोन्ही ऋणे ते एकाच सद्गुणाखाली मांडतात. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घेऊ या. लेक म्हणते, ‘आई, तू येथेच राहा.’ आई म्हणते, ‘मला माझ्या घरी जाऊ दे. तुझ्या बाबांची कबर तिकडे आहे.’ वरवर पाहता हे भांडण आहे. प्रत्यक्षात दोघींच्या मुखातून एकच सद्गुण बोलत आहे. लेक आईचे ऋण फेडू पाहते, आई मातीचे. म्हणून आईच्या रडण्याला हट्ट म्हणू नये. तिला न विचारता तिच्या नावाने सही करायला लावू नये. आजच्या पहिल्या वाचनात बेनसिरा आपल्याला बजावतो की बापाची बुद्धी थकली तरी त्याला सांभाळून घ्या, त्याचा अवमान करू नका.

परदेशात पाहुण्या म्हाताऱ्यांचा औषधपाण्याचा खर्च बहुधा मुलांनाच सोसावा लागतो. त्यांना भाषा येत नाही, एकटे बाहेर पडता येत नाही. ‘मी तुमच्यावर ओझे झाले,’ हे वाक्य अशा घरांत हळू आवाजात बोलले जाते. सरकारी कागदावर ती पाहुणी असेल. घरात तिला पाहुणी करू नका. तिच्या हाताला काम द्या, नातवंडांना तिची भाषा शिकू द्या, रोजरी तिला सांगू द्या. आणि गावाकडचा फोन आला की तिला पोटभर बोलू द्या.

शुभवर्तमानाचा शेवट लक्षात ठेवू या. हेरोद मेल्यावर योसेफ परत निघाला. पण यहुदियात अर्खेलाव राज्य करतो हे कळल्यावर तो तेथे जाण्यास भ्याला आणि गालिलात, नाझरेथला जाऊन राहिला. मायदेशाची ओढ त्याने सोडली नाही आणि घाईही केली नाही. भीतीला त्याने पाप मानले नाही. तिचा त्याने देवासमोर विचार केला.

ह्या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक गोष्ट करू या. ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आपल्या आळीतील एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसू या. ज्यांचे आईवडील मुलांकडे गेले आहेत, त्यांच्या मुक्कामाची तारीख आजच फोन करून विचारू या. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत, ज्यांची मुदत संपत आली आहे पण ज्यांच्या घरचे युद्ध संपलेले नाही, अशा सर्व वृद्धांना पवित्र मरिया आणि संत योसेफ ह्यांच्या हाती सोपवू या.

हे प्रभो येशू, तूही परक्या देशात वाढलास. घरापासून दूर अडकलेल्या आमच्या आईवडिलांना आसरा दे, आणि तो आसरा होण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.

– आपले धर्मगुरू