सर्व्हर स्लो आहे, म्हणजे नेमके काय?

लाखांदूर, पवनी, तुमसर, भंडारा जिल्ह्यात कुठेही जा, धान खरेदीच्या नोंदणीचे दिवस आले की एक वाक्य हमखास कानावर पडते : "सर्व्हर स्लो आहे, उद्या या." ऐकणारा सातबारा घेऊन, दिवसाची मजुरी बुडवून एसटीने आलेला असतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा कचेरीत कुणब्याला नाडायला माणसे लागत. आता यंत्राचे नाव पुरते. यंत्राला जाब कोण विचारणार?

"स्लो आहे" हे कारण नव्हे, ती तक्रार आहे. कारण शोधणे ज्याचे काम, त्यानेच ते न शोधता तक्रार पुढे ढकलावी, हा आळस आपण चालवून घेतो आहोत.

ई-मेल पोचवणाऱ्या मेल सर्व्हरचेच घ्या. गर्दीच्या वेळी तो अडखळला की पहिली मागणी होते नव्या प्रोसेसरची. प्रत्यक्षात प्रोसेसर बहुधा हातावर हात ठेवून बसलेला असतो. अडलेली असते डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. हेड जागेवर जायला ८-९ मिलिसेकंद, मग सरासरी अर्धा फेरा थांबायला ४. म्हणजे विखुरलेली लहान कामे सेकंदाला जेमतेम ८०. एक टपाल, म्हणजे एक ई-मेल, आधी रांगेत लिहिले जाते, मग पेटीत, मग रांगेतून पुसले जाते; मधे व्हायरस तपासणी असेल तर रांगेत दुसऱ्यांदा. एका टपालामागे अशी दहाएक कामे धरली तर सेकंदाला आठ टपाले झाली की संपले. त्यात रेड-५, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याची एक रचना, असेल तर प्रत्येक लहान लेखनाला चार कामे पडतात.

हे सगळे डोळ्यांनी दिसते. डिस्कचे काम मोजणारी आयओस्टॅट ही आज्ञा दर पाच सेकंदांनी चालवा आणि लेखनाला किती मिलिसेकंद थांबावे लागते ते पाहा. आयओटॉप सांगतो की डिस्क कोण खातो आहे. पुष्कळदा तो मेल नसतोच. भर दुपारी सुरू राहिलेला बॅकअप असतो. जुन्या लिनक्सवर तर लॉगची एकेक ओळ डिस्कवर पक्की उतरवली जाई, आणि टपालापेक्षा त्याची नोंदच जड होई. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रणालीत बाहेर जाणारे टपाल 'डिफर्ड', म्हणजे पुढे ढकललेल्या, रांगेत तुंबले असेल, तर दोष बहुधा पलीकडच्या सर्व्हरचा. अशा वेळी नवी डिस्क घेणे म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी, आणि सरकारी खरेदीत तिचीच हौस फार.

पण मला खरी चीड येते ती एका सोप्या युक्तीची. टपाल डिस्कवर पक्के उतरवणे, म्हणजे एफसिंक, बंद केले की सर्व्हर पळू लागतो. साहेब खूश. वीज गेली की मात्र मेमरीतली टपाले गेली. सर्व्हर '२५० ओके' म्हणतो तेव्हा त्याने टपालाची जबाबदारी घेतलेली असते. आवक बारनिशीत नोंद न करताच शिक्का मारून पोच देणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणतो? २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अर्जाची पोच देणे बंधनकारक केले. ई-मेलने अर्ज करणाऱ्या साकोलीच्या माणसाला पोच मिळावी आणि अर्ज मात्र कुठेच नसावा, हा वेग कोणासाठी? खरा उपाय खर्चिक नाही : रांग आणि पेट्या वेगळ्या डिस्कवर, शक्यतो एसएसडीवर, बॅटरी असलेला रेड कंट्रोलर, बॅकअप रात्री.

आणि 'सर्व्हर डाऊन'ची पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर बंद पडल्याची वेळ, सापडलेले कारण आणि शोधणाऱ्याचा हुद्दा लिहा. कारण सापडले नसेल तर तसे लिहा. रांगेतल्या माणसाला तेवढे वाचता येते.