जुने मणी, नवा दोरा

उत्खननात मणी सापडतात, माळ सहसा सापडत नाही. सूत, रेशीम, ताग, जे काही असेल ते कुजून जाते. काच तेवढी उरते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे वेचून जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. तेर म्हणजे सातवाहनकाळातले तगर. अशा जागी मिळालेले सुटे मणी माळ करून मांडले, तरी ती ओवणी आपली असते. त्या काळच्या बाईने निळ्या मण्याशेजारी कोणता रंग घेतला होता, हे आता कुणालाच सांगता यायचे नाही.

जुन्या काचमण्यांचे हाताने घडवलेले ‘पर्यावरणस्नेही’ दागिने हल्ली प्रदर्शनांत दिसतात आणि कौतुक होते ते मण्याच्या वयाचे. मण्याला या कौतुकाची गरज नाही, तो आपल्या मागेही राहणार आहे. जपायची असेल तर ओवण्याची विद्या जपावी लागेल.

काच पुन्हा वापरणे ही काही आजची कल्पना नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात तगरचे नाव आहे, आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काचही आहे. काच एका देशात तयार व्हायची आणि दुसऱ्या देशातला कारागीर ती वितळवून हवे ते घडवायचा. फुटकी भांडीही भट्टीत जात. आजच्या कारखान्यात वाळूपासून काच करायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमान लागते; फुटकी काच त्याहून कमी आचेवर वितळते. लाकूड जाळणाऱ्या भट्टीवाल्याला हा हिशेब कुणी शिकवावा लागला नसेल. ज्यांना या विषयात खोल शिरायचे आहे त्यांनी मोरेश्वर गंगाधर दीक्षितांचे भारतीय काचेच्या इतिहासावरचे १९६९ सालचे इंग्रजी पुस्तक जरूर मिळवावे.

एखादा जुना मणी भिंगाखाली उजेडात धरून बघा. काचेतले बुडबुडे भोकाच्या दिशेने लांबट दिसले, तर मणी ओढकामाचा: तापल्या काचेची पोकळ नळी ओढायची, तिचे बारीक तुकडे पाडायचे आणि ते राखेत घोळवून तापवत कडा बोथट करायच्या. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूचे मणी या जातीचे. असे मणी आग्नेय आशियापर्यंत पोचले. आंध्रातल्या पापनायडुपेटच्या कारागिरांनी ही रीत विसाव्या शतकातही चालवली. रेषा भोकाभोवती वळलेल्या असतील, तर काच सळईवर गुंडाळलेली. अंगावर बारीक शिवण असेल, तर मणी साच्यात दाबलेला. बोहेमियातल्या याब्लोनेत्स भागातून असे मणी जगभर गेले. आणि भोकाच्या तोंडाशी कड झिजलेली दिसली, तर ते काम शेजारच्या मण्याचे. नकली जुनेपणा आम्लात बुडवून आणता येतो, पण मग मणी सगळीकडून सारखाच निस्तेज होतो. वापराची झीज अशी समान वाटलेली नसते.

घानातल्या क्रोबो लोकांकडे काचेचा पुनर्वापर रोजच्या जगण्यात मुरलेला आहे. बाटल्या कुटून पूड करतात, ती मातीच्या साच्यातल्या खळ्यांत भरतात आणि प्रत्येक खळ्यात कसाव्याच्या पानाचा देठ उभा खोचतात. भट्टीत देठ जळून जातो आणि दोऱ्यापुरते भोक राहते. फुटलेल्या जुन्या मण्यांचे तुकडेही असेच भट्टीत घालून नवे मणी होतात. मुलींच्या दिपो संस्कारात घराण्यातले मणी कमरेला, गळ्यात, हातापायांत घालतात. माळ तुटली की पुन्हा ओवायची. त्याला कुणी चळवळ म्हणत नाही.

आपल्याकडे हे काम पटवेकरी करी. काळी पोत वाढली की मणी पुडीत बांधून त्याच्याकडे गाठवायला द्यायचे. तो दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून पीळ भरी, जुनेच मणी ओवी आणि दोन-चार कमी पडले तर आपल्या डबीतून भर घाली. आज ‘टिकाऊ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही माळा मात्र तंगुसात ओवलेल्या असतात. तंगूस उन्हाने ठिसूळ होतो, एक दिवस पटकन तुटतो आणि प्लास्टिकचा तुकडा म्हणून मागे उरतो. शंभर वर्षांचा मणी आणि दोन वर्षांचा दोरा, असला हा संसार! रेशमात ओवून प्रत्येक मण्यामागे गाठ मारली, तर काच काचेवर घासत नाही आणि माळ तुटली तरी एखादाच मणी हरवतो. वेळ जास्त जातो, हे खरे.

मला याहून अधिक खटकते ती धड वस्तूंची मोडतोड. रुखवतातले मण्यांचे तोरण, ताटावरचा मण्यांचा रुमाल किंवा सौराष्ट्रातले मोतीभरत शाबूत असताना मणी काढण्यासाठी उसवायचे, याला पुनर्वापर म्हणू नये. कुणीतरी एकेक मणी मोजून राघू-मोर विणलेला असतो, तो सुट्या मण्यांतून परत येत नाही. जमिनीतून उकरून विकलेल्या मण्याचीही तीच गत: कुठल्या थरातून आला हे गेले, की त्याच्यातला इतिहास गेला. विरलेले, निम्मे झडलेले तोरण असेल तर गोष्ट वेगळी. त्याचे मणी खुशाल घ्यावेत, पण आधी नक्षीचा एक फोटो काढून ठेवावा.

जाता जाता एक सावधगिरी. जुन्या पिवळ्या, केशरी, लाल काचेत शिसे किंवा कॅडमियम असू शकते. लहान मुले गळ्यातले तोंडात घालतात, त्यांना असल्या माळा देऊ नयेत.

तेव्हा जुन्या मण्यांचा दागिना घेताना दोन गोष्टी विचारा: मणी कशातून काढले आणि ओवले कशात. आणि घरात तुटलेली पोत पुडीत पडून असेल तर ती टाकू नका. गावात अजून पटवेकरी बसत असेल तर त्याच्याकडे न्या, आणि तो सांगेल ती मजुरी घासाघीस न करता द्या.