मोर्णेचे पाणी आणि पारध्याचा फास

फाशात सापडलेली गाभण हरिणी फासेपारधी सोडून देत, ही रीत पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवली आहे. अकोला-अमरावतीतल्या याच समाजाला आपण हिंसक म्हणतो, शहरांना म्हणत नाही. पण अकोल्याची मोर्णा नदी शहराचे सांडपाणी घेऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, तापी अरबी समुद्राला. दूरवरची घाण कुठवर पोचते पाहा: आर्क्टिकच्या इनुइट शिकाऱ्यांनी कारखाने काढले नाहीत, तरी सील-देवमाशाच्या चरबीतून पीसीबीसारखी विषारी औद्योगिक रसायने त्यांच्या आयांच्या दुधात उतरली. कोणी म्हणेल, गाडगेबाबांनी पशुबळी थांबवायला सांगितले, मग शिकाऱ्याची बाजू कशी घेता? पण बाबांनी झाडूही हाती घेतला. जीवदया आणि स्वच्छता हा माझ्या मते एकच धर्म. मारण्याचा हेतू नव्हता, ही सबबही टिकत नाही. परिणाम ठाऊक असून केलेले दुर्लक्ष हिंसाच असते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्याच्या शिकारीवर निर्बंध आणले, ते योग्यच. आता अहिंसेचा हिशेब शहरांनी द्यावा.