तीन ओळींच्या मधलं आयुष्य

चर्चच्या कपाटात जाड पुठ्ठ्याच्या वह्या असतात. एक बाप्तिस्म्याची, एक लग्नाची, एक मृत्यूची. बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद प्रत्येक धर्मग्रामात ठेवावी, असा दंडक ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये घातला. मृतांची वही पुढे १६१४च्या विधिग्रंथाने त्यांना जोडली. आमच्या वसईतल्या आळीत राहणाऱ्या आजीचं नाव आता तिन्ही वह्यांत आहे. नव्वदी ओलांडलेल्या आयुष्याच्या तीन ओळी. तिला चर्चकडून काय मिळालं, ते या ओळी सांगतात. तिने काय दिलं, त्याची वही कुठल्याच कपाटात नाही.

लग्न होऊन ती आमच्या आळीत आली तेव्हा घरची केळीची बाग होती, पानवेल होती, भाजीचे वाफे होते. पहाटेच्या लोकलने टोपली घेऊन मुंबईचा बाजार करायचा, परत येऊन बावखलावर धुणं धुवायचं, आणि या सगळ्यात सात मुलं वाढवायची. तिच्या ऐन तारुण्यापर्यंत वेदीवरची मिस्सा लॅटिनमध्येच चाले. १९६२ ते ६५ या काळात दुसरी व्हॅटिकन धर्मसभा झाली आणि त्यानंतर मिस्सा मराठीत आली. तोवर देवाशी आपल्या भाषेत बोलायची जागा तिच्यासारख्या बायांनी घरात राखली होती. दिवेलागणीला जपमाळ सुरू व्हायची. आजी म्हणायची, घर उत्तर द्यायचं. मोठ्यांचं ऐकत ऐकत लहानांच्या तोंडी प्रार्थना बसायच्या. लॅटिन न कळणाऱ्या मुलांपर्यंत धर्म पोचला तो या उत्तर देण्यातून. तिला नुसतं ‘भाविक बाई’ म्हटलं की मला अपुरं वाटतं. ती भाविक होतीच, पण एका घराची धर्मशिक्षिकाही होती.

मुलं मार्गी लागल्यावर तिने बुधवार आजाऱ्यांना दिला. अंगावर लाल लुगडं, हातात जपमाळ आणि पिशवीत आगाशीची सुकेळी. चालताना जप चालूच असे, त्यामुळे तिची अंतरंही त्यातच मोजलेली असत. अमक्याचं घर एका रहस्यावर, म्हणजे जपमाळेच्या एका टप्प्यावर, तमक्याचं तीन रहस्यांवर. मी लहानपणी तिच्याबरोबर पिशवी धरायला जात असे. एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. चपला काढल्या की आजी खाटेकडे जायची नाही, आधी स्वयंपाकघरात जायची. चूल पेटली आहे का, पाणी भरलेलं आहे का, भांडी कधीची पडली आहेत, ते बघायची. मग आजाऱ्याचं करणाऱ्या सुनेला किंवा मुलीला विचारायची, “तू जेवलीस का गं?” तिला ताटावर बसवून, दोन भांडी विसळून, मगच खाटेशी जाऊन प्रार्थना. आजाऱ्याचं दुःख सगळ्यांना दिसतं, त्याच्या उशाशी जागणाऱ्या बाईचं दिसत नाही. आजीला ते दिसायचं. इतकी वर्षं चूल आणि आजारपणं सांभाळलेल्या बाईलाच ते दिसणार.

हे घरोघर जाणं कॅथलिक परंपरेत जुनं आहे, आणि ते बायकांनी वाढवलं. १६३३ मध्ये फ्रान्समध्ये संत विन्सेंट दी पॉल आणि लुईज द मारियाक यांनी अशा भगिनींचा संघ उभारला, ज्या मठाच्या भिंतीआड न राहता गरिबांच्या दारी जाणार होत्या. लुईज स्वतः विधवा होती, आई होती. बरोबर दोनशे वर्षांनी, १८३३ मध्ये, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे सोबती यांनी संत विन्सेंट दी पॉल सोसायटी सुरू केली. ती आज जगभर आहे. पण गरिबाच्या घरात पाऊल कसं टाकायचं, हे या तरुणांना दाखवलं रोझाली रांदू या भगिनीने. पॅरिसच्या मुफतार वस्तीची गल्ली न् गल्ली तिला ठाऊक होती. संस्थेचं नाव निघालं की ओझानाम आठवतो. रोझालीचं नाव मुद्दाम सांगावं लागतं.

नोंद नसणं हे सेवेचं भूषण आहे, असं श्रद्धा सांगते. मलाही ते पटतं. आजीला कुणी शाल-श्रीफळ दिलं असतं तर ती अवघडली असती. पण नम्रता तिची होती, आमची नव्हे. ती नाव मागत नाही, एवढ्यावर आम्ही तिचं काम मोजायचं सोडून दिलं. तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली तरी बुधवार तिचाच राहिला, कारण तो दुसऱ्या कुणाला द्यावा असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

तिच्या दफनानंतर बोलणारा प्रत्येक जण म्हणाला, “ही पोकळी कधी भरून निघणार नाही.” मीही म्हणालो. नंतर त्या वाक्याची मला लाज वाटली. पोकळी भरून निघणारच नसेल, तर ती भरायची जबाबदारी कुणावरच येत नाही. आदराच्या शब्दांत आम्ही आपली सुटका करून घेत होतो. आजीने केलं ते अलौकिक नव्हतं, आणि तेच मोठं होतं. कुणालाही करता येईल असं काम तिने वर्षानुवर्षं, एकही बुधवार न चुकवता केलं. जपमाळेत एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा येते, आणि म्हणणारा कंटाळत नाही. तिची श्रद्धा मला त्या न कंटाळण्यात दिसते.

तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतरच्या बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि तिच्या शेवटच्या तीन घरांपैकी एकाकडे गेलो. अंथरुणाला खिळलेले आजोबा, त्यांचं करणारी लेक. दारात मला अवघडल्यासारखं झालं. काय बोलावं, कुठे बसावं, कळेना. चपला काढल्या, आणि पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले.