हौशे, नवशे, गवशे

कुठल्याही जत्रेला तीन प्रकारची माणसं येतात, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात : हौशे, नवशे आणि गवशे. नवशा नवस फेडायला येतो, गवशा काही गवसतं का ते पाहायला येतो, आणि हौशा येतो नुसता बघायला. या तिघांत हलका कोण? आपण पटकन हौशाकडं बोट दाखवतो. "त्याला कुठं देवाचं पडलंय, तो मजा बघायला आलाय!"

चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री हा प्रश्न दरवर्षी आपल्या छावणीच्या दारावरून चालत जातो. शहरातून हजारो माणसं पायी खुलताबादला, भद्रा मारुतीला निघतात. दिवसा ऊन सोसवत नाही, म्हणून चालायचं रात्रीच. नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, मग दौलताबादचा किल्ला आणि पुढं घाट. वाट पंचवीसेक किलोमीटरची. कडेला पाणी, चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटणारे मंडप. गर्दीत अनवाणी आजीबाई असतात, तशी फोटो काढत, हसत-खिदळत जाणारी कॉलेजची पोरंही असतात. त्यांना विचारा, ती सरळ सांगतील, "काका, झोपलेला मारुती बघायचाय."

नवल वाटावं असंच आहे ते. मारुती म्हटलं की गदा घेतलेला, नाहीतर द्रोणागिरी उचललेला डोळ्यांपुढं येतो. इथला मारुती चक्क आडवा! कथा अशी, की इथला राजा भद्रसेन रामाची भजनं गायचा. ती ऐकायला मारुतीराय आले आणि ऐकता ऐकता भावसमाधीत जाऊन तिथंच पहुडले. म्हणजे ही झोप नव्हे, ऐकण्यात बुडून जाणं आहे. तिथं त्यांनी काही मागितलं नाही, काही पराक्रम केला नाही. नुसतं ऐकलं.

मग नुसतं बघणं ही भक्ती होईल का?

आपल्या दत्तसंप्रदायात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला त्याच्या आनंदाचं कारण विचारतो, आणि अवधूत आपले २४ गुरू सांगतो. याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली, ती शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण झाली. त्या गुरूंची यादी नीट पाहा. कबुतर, अजगर, भ्रमर, पतंग, कोळी. कुणी उपदेशाला बसलं नव्हतं. हिंडता हिंडता अवधूताला ते दिसले, आणि त्यांच्याकडं त्यानं काही मागितलंही नाही. या अर्थानं अवधूतही हौशीच म्हणायचा!

पण फरक आहे, आणि तो मोठा आहे. बाण करणाऱ्या कारागिराची गोष्ट घ्या. त्याच्या समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली. बाण सरळ करण्यात तो इतका गुंतला होता की त्याला पत्ताच नाही. सगळा गाव स्वारीकडं बघत असणार; अवधूतानं मात्र त्या न बघणाऱ्याला बघितलं, आणि मन कसं एकाग्र करावं हे त्याच्याकडून घेतलं. आपल्या वाटेवरही असा एक जण असतो. मंडपात रात्रभर पाण्याचे ग्लास भरणारा. पुढं आलेला हात कुणाचा, हे बघायलाही त्याला सवड नसते. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

भ्रमर फुलाला धक्का न लावता थोडाच मध घेतो, त्यावरूनच आपण मधुकरी म्हणतो. आणि आपण? एक ग्लास पाणी पिऊन ग्लास रस्त्यावर टाकतो. पौर्णिमेच्या सकाळी तो रस्ता कुणीतरी वाकून झाडतो. नवशा असो की हौशा, ज्याची हौस दुसऱ्याच्या पाठीवर पडते त्याला भ्रमर भेटूनही गुरू भेटला नाही.

याच वाटेवर देवगिरी लागतो. इथं जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि इथंच त्यांची समाधी आहे. दत्तप्रभू त्यांना मलंगाच्या वेषात भेटायला आले, तेव्हा छोट्या एकनाथांना आधी ओळख पटली नाही, अशी परंपरा सांगते. प्रत्यक्ष नाथांची ही गोष्ट, तर पहिल्या नजरेला फक्त नवल दिसणाऱ्या पोरांना आपण कशाला हसावं? वेष आधी दिसतो, ओळख मागून पटते. त्यासाठी थांबावं मात्र लागतं.

म्हणून हौशाला वाटेवरून परत पाठवू नका. नवशासारखी देवाशी त्याची देवाणघेवाण नाही, हे त्याचं बळच आहे. फक्त घरी आल्यावर त्याला विचारा, "मारुती बघितलास, ते ठीक. वाटेत आणखी कोण दिसलं?" त्यावर पाणी देणारा त्याला आठवला, रस्ता झाडणारी बाई आठवली, आणि पुढच्या वर्षी त्यानं स्वतःचा ग्लास सोबत नेला, तर हौशाचा गवशा झाला म्हणायचं. त्याला काहीतरी गवसलं.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥