वंशावळीचा कागद आणि कातडी

आमच्या इंदूरच्या घरात देव्हाऱ्यात खंडोबाचा एक जुना चांदीचा टाक आहे. घोड्यावर देव आणि म्हाळसा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. मल्हारी मार्तंड हे होळकरांचं कुलदैवत, राजवाड्यातही त्याचं देऊळ आहे, त्यामुळे होळकरांच्या मागोमाग या शहरात आलेल्या कितीतरी मराठी घरांत असा टाक सापडतो. आमचा टाक चार पिढ्यांच्या घासण्यानं इतका झिजलाय की कुत्र्याची आता फक्त शेपटी ओळखू येते. तो कुठल्या जातीचा, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही.

आता आमच्या गल्लीत नवं पिल्लू आलं की पहिला प्रश्न तोच असतो. दुसरा प्रश्न, ‘कागद आहेत का?’

शेजारच्या काकूंकडे गोल्डन रिट्रीव्हर आला तेव्हा त्याचे कागद होते. तीन पिढ्यांची नावं, त्यांतली काही चँपियन. पिल्लू जेमतेम तीन महिन्यांचं होतं आणि त्याच्या पोटावर पांढुरका कोंडा दिसायला लागला. पुढे अंगभर मोठमोठे खवले सुटू लागले, सतरंजी झटकली की राखेसारखे उडायचे. काकूंनी आधी बोअरच्या खाऱ्या पाण्याला दोष दिला, मग शाम्पूला, मग दूधपोळीला. रस्त्यावरच्या कुत्र्यांची खरूज लागली असं ठरवून त्याचं फिरणं बंद केलं. दोन वर्षं रोज रात्री खोबरेल चोळलं. शेवटी महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरनं शांतपणे सांगितलं, की ही खरूज नाही. फारशी खाजत नाही, कुणाला लागणार नाही आणि पुरती बरीही होणार नाही. हे आईबापांकडून आलेलं आहे. काकूंनी एवढंच विचारलं, ‘म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?’ आणि त्या रडल्या.

त्या प्रश्नानं मला विचारात पाडलं. जनावराच्या कातडीवर काही उठलं की आपण ताबडतोब सांभाळणाऱ्याच्या हातांकडे पाहतो. पण या कोंड्याचं कारण पिल्लू जन्मण्याआधीच, दोन कुत्र्यांची जोडी कुणीतरी लावली त्या दिवशी ठरून गेलं होतं.

या विकाराला इक्थिओसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मासा, खवल्यांवरून आलेला. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या मेलेल्या पेशी, आणि त्यांच्या फटी बुजवणारे खास स्निग्ध पदार्थ. ते तयार व्हायला पीएनपीएलए-१ नावाच्या जनुकाचं काम नीट चालावं लागतं. ते बिघडलं की पेशी एकेकट्या, नकळत झडायच्याऐवजी चिकटून राहतात आणि थराथरानं सुटतात. गोल्डन रिट्रीव्हरमधला हा दोष 2012 साली सापडला. कुत्र्यांत तो मिळाल्यावर संशोधकांनी तेच जनुक माणसांत तपासलं, आणि जन्मतः खवल्यांची कातडी घेऊन आलेल्या काही माणसांतही ते बिघडलेलं निघालं. माणसाच्या दुखण्याची वाट कुत्र्याच्या कातडीवरून सापडली. हे ऋण मला फार मोठं वाटतं.

या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक बिघडलेली असली तर दुसरी काम निभावून नेते, आणि कुत्रा दिसायला अगदी निरोगी असतो. अशा दोन वाहकांची जोडी लावली तर दर पिल्लामागे चारात एक शक्यता, की त्याच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती येतील. काकूंच्या पिल्लाचे आईबाप कदाचित सुंदर, तुकतुकीत असतील. कागद खोटा नव्हता. त्यात कातडीबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं.

गोल्डन रिट्रीव्हर ही जात किती लहान दारातून आली आहे! स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी 1868 साली नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची पाणकुत्री यांची जोडी लावली, त्यांची चार पिवळी पिल्लं हा या जातीचा पाया. पुढे थोडं बाहेरचं रक्त मिसळलं, पण मग नोंदवही बंद झाली. बंद वहीत एखादा देखणा नर गाजला की सगळे त्याच्याकडेच धावतात, आणि त्याच्यात लपलेली एखादी बिघडलेली प्रत शेकडो घरांत पोहोचते. काही पिढ्यांनी नातवंडं नातवंडांना भेटतात.

नातं जवळचं किती, यावर आपण मराठी माणसं इंदुरात वर्षानुवर्षं बोलत आलो आहोत. सगोत्र विवाह नको म्हणणाऱ्या आपल्याच समाजात कित्येक जातींत मामेबहिणीशी लग्न चालत आलं. इरावती कर्वे यांनी 1953 सालच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या नातेव्यवस्थांच्या मधला प्रदेश म्हणून पाहिलं. माळव्यातल्या शेजाऱ्यांना मात्र मामाची मुलगी म्हणजे सख्खी बहीण, आणि आमच्या एखाद्या घरातलं असं लग्न कळलं की ते अवाक् होतात. आते-मामे भावंडांच्या संततीत एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता 6.25 टक्के असते. सख्ख्या भावाबहिणींची किंवा बाप-लेकीची जोडी लावली तर 25 टक्के. कुत्र्यांच्या बाजारात हे दुसरं ‘लाइन पक्की करणं’ म्हणून अभिमानानं सांगितलं जातं. सोळातल्या एकावरून कुजबुजणारे आपण चारातल्या एकासाठी जास्त पैसे मोजतो.

काही जातींत तर दोष लपलेलाही नसतो, आपण त्यालाच रूप म्हणतो. शार-पेई या चिनी कुत्र्याच्या सुरकुत्या हायलुरोनिक आम्लाच्या अतिरेकानं येतात. त्यामागे डीएनएचा एक तुकडा पुन्हा पुन्हा उमटलेला असतो, आणि 2011 साली लक्षात आलं की वारंवार चढणाऱ्या तापाचा संबंधही त्याच तुकड्याशी आहे. चायनीज क्रेस्टेडचं केसविरहित अंग फॉक्स-आय-३ या जनुकातल्या बदलामुळे असतं. एक प्रत बदललेली असली तर केस नाहीत आणि दातही कमी. दोन्ही बदललेल्या असल्या तर पिल्लू पोटातच मरतं. म्हणजे दोन केसविरहित कुत्र्यांची जोडी लावणारा माणूस पिल्लांचा चौथा हिस्सा आधीच गमावून बसलेला असतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं.

मग सगळे वाहक बाजूला काढा, असं कुणी म्हणेल. ते मला पटत नाही. युरोपात गोल्डन रिट्रीव्हरमधले वाहक इतके आहेत की त्यांना वगळलं तर उरलेला कळप आणखी आक्रसेल, आणि आज लपलेला दुसरा एखादा दोष उद्या वर येईल. वाहकाची जोडी निर्दोष कुत्र्याशी लावली तर एकही पिल्लू खवल्यांचं जन्मत नाही. गालाच्या आतून बोळा फिरवून केलेली तपासणी तेवढं सांगते. म्हणून ‘वाईट रक्त’ हा शब्द मला चुकीचा वाटतो. प्रत्येक जीव काही बिघडलेल्या प्रती अंगात घेऊन फिरतो, तुम्ही आणि मीसुद्धा. त्या दोन्हीकडून एकाच पिल्लात आणून ठेवणं, हे मात्र माणसाचं काम आहे. सराफा बाजाराच्या मागं झोपलेल्या गावठी कुत्र्यांना खरूज होते, गोचीड लागतात, पण त्यांची जोडी कुणी कागद बघून लावत नाही, आणि त्यामुळे असे लपलेले दोष त्यांच्यात क्वचितच समोरासमोर येतात.

सगळ्याच दुखण्यांचं गणित इतकं सरळ नसतं. लॅब्राडोरच्या कातडीवरची ॲलर्जी अनेक जनुकं, धूळ, परागकण, अन्न यांच्या गुंत्यातून येते. तिथं एक बोळा पुरत नाही.

परवा काकूंना एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या कुत्रीसाठी ‘पेपरवाला’ नर हवा होता, एक पिल्लू काकूंना मिळणार होतं. काकूंनी विचारलं, तिची तपासणी केली आहे का? पलीकडून उत्तर आलं, तिचे कागद आहेत. काकूंनी नाही म्हणून सांगितलं आणि गॅलरीत येऊन बसल्या. त्यांचा कुत्रा त्यांच्या पायाशी आडवा झाला. त्या मोठ्या दातांच्या फणीनं त्याच्या पाठीवरचे खवले हलक्या हातानं काढत राहिल्या, आणि तो डोळे मिटून स्वस्थ पडून होता.